‘सगळं टाकून देलं’ म्हणतात त्या पीसीत काय असतं, आणि त्याऐवजी काय टाकावं

नागपुरात बर्डीवरून पीसी असेंबल करून घेतला की निघताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. “सगळं टाकून देलं काका. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फाँट. फक्त अपडेट मारू नका आन् अँटिव्हायरस चालू करू नका.” पहिल्या भागानं माणूस खूश होतो आणि शेवटची अट त्याच्या कानावरून जाते. खरी गोम त्या अटीत आहे, कारण हे सगळं बहुधा परवाना विकत न घेता टाकलेलं असतं.

मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांकडे शेकडो संगणक असतात. प्रत्येकाला वेगळी चावी देण्याऐवजी मायक्रोसॉफ्टनं त्यांच्यासाठी ‘केएमएस’ नावाची सोय केली आहे. संस्थेच्या आतच एक सर्व्हर बसवायचा आणि बाकीच्या संगणकांनी त्याच्याकडून मान्यता घ्यायची. ही मान्यता १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करतो. बाजारात चालणारे बरेचसे ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे पैसे न भरता विंडोज-ऑफिस चालू करून देणारे प्रोग्रॅम, या सोयीचाच गैरफायदा घेतात. ते खोटा केएमएस सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये बसवतात. मान्यता वाढवत राहायची तर तो प्रोग्रॅम कायम तिथं हवा, त्याला ॲडमिनचे सगळे अधिकार हवेत आणि विंडोजच्या सुरक्षेनं त्याच्याकडे डोळेझाक करायला हवी. म्हणून टाकणारा आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, बंद करतो किंवा त्या फोल्डरला तपासणीतून वगळतो.

एकदा वगळलं की त्या फोल्डरमध्ये उद्या काहीही येऊन पडलं, तरी कुणी तपासत नाही. ‘स्टॉप’ नावाच्या रॅन्समवेअरचा प्रसार मुख्यतः क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेल्या, सॉफ्टवेअरमधूनच झाला. सगळ्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी डॉलर मागायचे, हा त्याचा धंदा.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लगेच बघता येतं. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जा आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ बघा. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ही यादी रिकामीच असायला हवी. तिथं एखादा अनोळखी फोल्डर दिसला तर त्याची नोंद काढून टाका आणि पूर्ण स्कॅन लावा. स्कॅननंतर ऑफिस ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणून ओरडायला लागलं तर ओरडू द्या. त्याची सोय पुढे आहे.

आणि डिफेंडर चालू असताना वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज घरगुती माणसाला नाही, हे माझं स्पष्ट मत. क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर चोराला वॉचमन ठेवण्यातला प्रकार.

आता फुकटाकडे वळू. सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हटल्यावर एकच गोष्ट विचारावी: हे बनवणाऱ्याचा खर्च कोण भागवतो? व्हिडिओ बघायचं व्हीएलसी आणि ऑफिसच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस यांच्यामागे ना-नफा संस्था आहेत. देणग्या येतात, स्वयंसेवक राबतात, काही कंपन्या माणसं पुरवतात. त्यांचा कोड कुणालाही बघायला खुला असतो, आणि घरी, दुकानात, ट्यूशन क्लासमध्ये कुठंही वापरला तरी पैसे लागत नाहीत. फायरफॉक्सही असाच, फक्त त्याच्या कमाईचा मोठा वाटा गूगल देतं, शोधपेटीत आपलं नाव आधी राहावं म्हणून. म्हणजे एका ब्राउझरचा खर्च त्याचा प्रतिस्पर्धीच उचलतो. काही सॉफ्टवेअर घरी मोफत असतं पण धंद्यासाठी विकत घ्यावं लागतं. फोटो बघायचं इरफानव्ह्यू त्यातलं, १९९६ पासून चालू असलेलं. दाबून लहान केलेल्या फायली उघडणारं विनरार तर मोफत नाहीच. ती ४० दिवसांची चाचणी आहे आणि एक्केचाळिसाव्या दिवशीही ते उघडतं एवढंच. त्याऐवजी ७-झिप घ्या. आरएआर फायलीही उघडतं आणि कधी पैसे मागत नाही. क्रॅकवाल्याचा खर्च कोण भागवतो, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: घेतलं कुठून? चांगलं सॉफ्टवेअरसुद्धा चुकीच्या दारातून आणलं तर घातक ठरतं. गूगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर बऱ्याचदा ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली जाहिरात येते, आणि ती मूळ संस्थेचीच असेल असं नाही. पुढे ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं दिसतात, त्यातली दोन जाहिरातीची. व्हीएलसीची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. २०२२ मध्ये त्याची अधिकृत साइट भारतात कित्येक महिने ब्लॉक होती आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडली. मूळ दार बंद झालं की लोक मिळेल त्या साइटवरून फाइल उचलतात, आणि भेसळ करणाऱ्याला तेवढंच हवं असतं. पत्ता ‘व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग’ आहे, व्हीएलसीच्या नावाचा नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. फाइलबद्दल शंका आली तर ‘व्हायरसटोटल’वर टाका, ते एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देतं. पण तिथं टाकलेली फाइल इतरांच्याही हाती लागू शकते. इन्स्टॉलर टाका, सात-बारा नको.

लिब्रेऑफिसकडे जरा निवांत बघू, कारण क्रॅक टाकायचं सगळ्यात मोठं कारण ऑफिस हेच असतं. हे २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं. ओपनऑफिस अजून डाउनलोडला मिळतं, पण त्याचं काम फार मंदावलं आहे, तेव्हा नावावरून गोंधळू नका. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये लिब्रेऑफिसला थोडी किंमत लावलेली दिसेल. तेच संस्थेच्या साइटवर मोफत आहे.

टाकल्याबरोबर दोन गोष्टी करा. ‘व्ह्यू’ मेनूत ‘यूजर इंटरफेस’मध्ये ‘टॅब्ड’ निवडा, म्हणजे वर्डची सवय असलेल्याला परकं वाटणार नाही. मग ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथं जाऊन फाइल कायम वर्डच्या डॉक्एक्स रूपात सेव्ह होईल असं ठरवून टाका. नाहीतर तुम्ही लिब्रेऑफिसची स्वतःची ओडीटी फाइल पाठवाल आणि समोरचा “फाइल उघडून नाही राहिली” म्हणून फोन करेल. वर्डमध्ये बनवलेली फाइल इथं उघडल्यावर ओळी सरकल्या तर बहुधा दोष फाँटचा असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फाँट आहेत. त्यांच्याऐवजी तेवढ्याच रुंदीचे कार्लिटो आणि कॅलेडिया लिब्रेऑफिससोबत येतात आणि पुष्कळशी अडचण तिथंच मिटते. बायोडाटा, अर्ज, सोसायटीचा हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट यांना हे पुरून उरतं. प्रत्येक पान हुबेहूब वर्डसारखंच दिसायला हवं असेल, तर मायक्रोसॉफ्टचं खातं काढून ब्राउझरमध्ये वर्ड आणि एक्सेल मोफत वापरा. सोयी थोड्या कमी, पण अस्सल.

आता मराठी. नागपुरात हा विषय जास्तच गुंतागुंतीचा आहे, कारण इथं एकाच टेबलावर हिंदी आणि मराठी दोन्ही टाइप होतात. सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आसपास बसणाऱ्या टायपिंगवाल्यांकडे अजून कृतीदेव हा जुना फाँट दिसतो. वेगात हात बसलेला असतो, तो सोडवत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पण तीच फाइल तुम्ही घरी आणली, ईमेलला जोडली किंवा त्यातला मजकूर साइटवरच्या फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

असं का होतं ते एका शब्दावर बघू. कृतीदेवमध्ये ‘नागपूर’ टाइप केलं तर संगणकाच्या लेखी ते नागपूर नसतंच. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. फाँट फक्त त्या ‘यू’चं चित्र ‘न’सारखं काढतो आणि ‘के’च्या जागी काना दाखवतो. समोरच्याकडे तो फाँट नसला की चित्र जातं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. गूगलला, फोनला, सरकारी पोर्टलला ती इंग्रजीच वाटणार. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, मग फाँट मुक्ता असो की मंगल. फाँट बदलला तर वळण बदलतं, अक्षर तेच राहतं.

जुन्या फायली बदलायला कृतीदेव ते युनिकोड कन्व्हर्टर मोफत मिळतात. पण त्यांचं काम वाटतं तितकं सरळ नाही. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. ‘वर्धा’ लिहिताना रफार सगळ्यात शेवटी येतो, युनिकोडमध्ये तोच ‘र्’ ‘ध’च्या आधी बसतो. कन्व्हर्टरला हा क्रम उलटवावा लागतो आणि तिथंच तो चुकतो. त्यामुळे मजकूर बदलून झाल्यावर ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि ‘तुमच्या’, ‘दुसऱ्या’सारखी जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. ‘दुसऱ्या’ तर विशेषच, कारण हा फाँट मुळात हिंदीसाठी घडवलेला. एका फाइलमध्ये दोन फाँट मिसळले असतील तर खरा इंग्रजी मजकूरही कन्व्हर्टर ‘मराठी’ करून ठेवतो. परिच्छेद निवडून तुकड्या-तुकड्यानं करणं बरं.

नवीन लिहिताना वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली भाषा म्हणून मराठी जोडा. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच, आणि विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ही आला आहे, ज्यात इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करता येतं. विंडोज की आणि स्पेस एकदम दाबली की भाषा पालटते. ज्यांना आयुष्यभर लिहायचं आहे त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावं असं मी सांगेन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि हीच रचना हिंदीलाही चालते. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर, हात बसलेल्यांना युनिकोडसाठीही रेमिंग्टन लेआउट मोफत मिळतो, बोटांना काही नवीन शिकावं लागत नाही. लग्नपत्रिका किंवा फलकासाठी देखणे फाँट हवे असतील तर गूगल फाँट्सवर मुक्ता आहे, तिरो देवनागरी मराठी आहे. दोन्ही मोफत, छापून विकायलाही परवानगी.

फॉर्म भरायच्या दिवसांत दुसरी धावपळ असते ती ‘फोटो ५० केबी, सही २० केबी, पीडीएफ अमुक एमबीच्या आत’ याची. लोक शोधतात ‘पीडीएफ कमी करा’ आणि पहिल्या साइटवर आधार, टीसी, जातीचा दाखला, बँक पासबुक सगळं चढवून मोकळे होतात. ती साइट कुणाची, फाइल पुसते की ठेवते, काही माहीत नसतं. हे काम स्वतःच्या पीसीवर, इंटरनेट बंद करूनही होतं. ‘पीडीएफ२४’ची डेस्कटॉप आवृत्ती टाका. जोडणं, तोडणं, पानं फिरवणं, आकार कमी करणं, सगळं तिच्यात आहे. डाउनलोड करताना एवढंच बघा की इन्स्टॉल होणारी आवृत्ती घेताय, ब्राउझरमध्ये चालणारी नाही. फोटोसाठी इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी म्हणून सेव्ह करताना बाजूला पर्यायांची खिडकी उघडते. तिथं ‘सेट फाइल साइज’मध्ये ५० लिहिलं की फोटो तेवढ्यात बसवायचा प्रयत्न तो स्वतः करतो. त्याआधी फोटो लहान करून घ्या. चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो ५० केबीत कोंबला तर चेहरा ओळखू येणार नाही.

‘पीसी स्लो झाला’ ही तक्रार घेऊन लोक क्लीनर शोधतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरनं वेग वाढतो हा गैरसमज आहे, आणि मायक्रोसॉफ्टही त्यांची शिफारस करत नाही. सीसीक्लीनर किती नावाजलेलं, पण २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती २० लाखांहून जास्त संगणकांवर पोचली. स्वच्छतेचं खरं काम साधं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘स्टार्टअप’मध्ये जा, गरज नसलेलं बंद करा. सी ड्राइव्ह भरला असेल तर ‘विनडिरस्टॅट’ चालवा. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं, आणि बहुधा गुन्हेगार डाउनलोड फोल्डर निघतो. फायली सापडत नसतील तर ‘एव्हरीथिंग’ टाका. ते डिस्कवरची फायलींची मूळ यादीच वाचतं, त्यामुळे नाव टाइप करता करता उत्तर समोर येतं. एवढं करूनही रखडत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कुठलंही मोफत सॉफ्टवेअर कामाचं नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. पैसे खर्च करायचे तर तिथं करा.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कॅबिनेटमधली हवाच तापलेली असते. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सकाळी चालणारा पीसी दुपारी रेंगाळत असेल तर ‘एचडब्ल्यूइन्फो’ टाकून तापमान बघा. काहीच काम नसताना ते सत्तरच्या आसपास असेल तर व्हायरस शोधत बसू नका, बाजूचं झाकण उघडून धूळ काढा. आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा गार असते पण ओली असते, आणि आतल्या धुळीचा चिखल होतो.

ब्राउझरबद्दल थोडक्यात. फायरफॉक्स आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं जोडसाधन. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथं आता त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते. जाहिराती गेल्या की खोटी डाउनलोड बटणंही गेली. पासवर्डसाठी ‘बिटवॉर्डन’, मोफत खात्यातही फोन आणि पीसी दोन्हीकडे चालतं. आणि विंडोज की आणि व्ही एकदम दाबून बघा. पहिल्यांदा ते चालू करायला विचारेल, त्यानंतर कॉपी केलेल्या मागच्या गोष्टीही यादीत दिसतात. फॉर्म भरणाऱ्याला याची किंमत कळेल.

राहिला मोठा प्रश्न, विंडोज १० चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नियमित सुरक्षा अपडेट थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर केली, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती पैसे न देताही मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं मोफत ॲप तुमचा पीसी बसतो का ते सांगतं. त्यानं टीपीएम नाही म्हटलं तरी लगेच मान टाकू नका. असेंबल पीसीत ते पुष्कळदा बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावानं. ते चालू केलं की काम होतं.

प्रोसेसरच जुना असेल तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. २२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर नीट चालतं, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस आत असतातच, मराठी कीबोर्डही आहे. रॅम कमी असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या. ‘रुफस’ वापरून ते पेनड्राइव्हवर चढवा आणि पीसी पेनड्राइव्हवरून सुरू करा. पेनड्राइव्ह आधी रिकामा करून घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जातं. अशा तऱ्हेनं चालवलेलं मिंट, ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत, हार्ड डिस्कला हात लावत नाही. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, हे सगळं तपासून मगच ठरवा. इन्स्टॉल करायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, आणि ती डिस्क पीसीपासून सोडवून ठेवा.

मिंट सगळ्यांसाठी नाही. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. आयकराच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालतात, त्या लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. डिजिटल सिग्नेचरची टोकनही लिनक्सवर त्रास देऊ शकतात. इतवारी-गांधीबागेत दुकान असेल आणि हिशेब टॅलीत असेल, तर तो एक पीसी विंडोज ११ वर, विकत घेतलेल्या परवान्यासह ठेवा. घरचा जुना, मुलांच्या अभ्यासाचा आणि बातम्या-व्हिडिओ बघायचा पीसी मिंटवर न्यायला हरकत नाही.